उद्यमनगरांतील एक दिवस

कोल्हापुरास जाणारा मनुष्य प्रथम अंबाबाईच्या देवळांत जातो, मग भवानीमंडपांत डोकावतो, संध्याकाळीं रंकाळ्याच्या कांठीं बसतो आणि निघतांना गूळ व चपला बांधून घेतो. हा क्रम इतका ठरून गेलेला आहे कीं, त्या शहरांत आणखी एक तीर्थ आहे व तेथें सकाळपासून रात्रीपर्यंत लोखंडावर अभिषेक चाललेला असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या कानींही नसते. ह्या तीर्थाचें नांव शिवाजी उद्यमनगर. आमच्या घरच्या एका जुन्या मोटारीचें तेल बदलण्याच्या निमित्तानें गेल्या पौषांत तेथें एक संबंध दिवस काढण्याचा योग आला. तेल बदलणें हें काम तासाभराचें. तें सकाळीं दहाच्या सुमारास आरंभिलें आणि दिवेलागण होऊन गेल्यावर संपलें. मध्यें जें पाहावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

उद्यमनगर हें नांव ऐकून रुंद रस्ते व दुतर्फा झाडें अशी कल्पना करून कोणी गेला, तर त्याची निराशा होईल. शहराच्या भरवस्तींतच हा भाग आहे. गाळ्याला गाळा लागलेला. आणि दर दुसऱ्या दारांत एक लेथ, एक ड्रिल, एक धार लावण्याचा दगड. उंबऱ्यापाशीं लोखंडाच्या किसाचे ढीग पडलेले असतात. हा कीस निळसर, तांबूस, कुरळा. लहान मुलांस तो उचलावासा वाटतो, आणि उचलला कीं बोट कापतें. कातकामाच्या हत्यारावर दुधासारखें पांढरें पाणी संथ धारेनें पडत असतें. प्रथम पाहणारास तें ताकच वाटावें. एक प्रकारचें तेल पाण्यांत घुसळून तें करतात. पाण्यानें हत्यार थंड राहतें आणि तेलानें कापणें सुकर होतें. एका दारांत पंपाचा भाग कातला जात आहे, दुसऱ्यांत चाकाला दांते पाडले जात आहेत, तिसऱ्यांत कोणी नुसतेंच माप घेत बसलेला आहे. "हे काम आपल्याकडं न्हाई, पलीकडच्या गल्लीत ते म्हातारे करत्यात," असें सांगून आलेलें गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवितांना मीं त्या एका दिवसांत चार जणांस पाहिलें. कापडाच्या पेठेंत ही रीत मला कधीं आढळली नाहीं.

ही विद्या कोल्हापुरांत कशी रुजली, ह्याचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीपर्यंत (१८९४–१९२२) जावें लागतें. १९०६ सालीं त्यांनीं कापडाची गिरणी काढली. त्यानंतर भोगावती नदीवर राधानगरीचें धरण बांधावयास घेतलें. पाणी आलें तशी बागायत आली, बागायतीबरोबर ऊंस आला. ऊंस आला म्हणजे चरक आला, पाणी उपसणारीं ऑइल इंजिनें आलीं. आणि यंत्र आलें कीं तें केव्हां तरी अडणारच, म्हणून त्याला पुन्हा चालतें करणारा माणूसही आला. बाबूराव पेंटरांनीं ह्याच शहरांत १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आणला; कुंचला धरणारा हात कानसही धरूं शकतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. तिकडे कृष्णेच्या खोऱ्यांत, औंध संस्थानच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपला कारखाना नेला. लक्ष्मणराव पूर्वीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें ड्रॉइंग शिकवीत असत. एका मास्तराच्या हातून लोखंडी नांगर निपजले, ह्याचा मजसारख्या पेन्शनर मास्तरास थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. आज शिरोली, गोकुळ शिरगांव व कागल येथील ओतशाळांतून मोटारींचे ओतीव भाग देशभर जातात. परंतु त्या ओतशाळा मोठ्या. एक नग करून द्या म्हणून तेथें कोणी उभें करणार नाहीं. एका नगाचें माहेरघर म्हणजे उद्यमनगरच.

आमची गाडी १९८४ सालची अँबॅसडर. ही जात आतां नव्यानें जन्मास येत नाहीं. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ सालीं स्थापन झाली. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून तिनें बंगालमध्यें उत्तरपाडा येथें १९५७ च्या सुमारास अँबॅसडर करावयास घेतली, आणि २०१४ च्या मे महिन्यांत तो कारखाना बंद पडला. पुढें २०१७ सालीं ‘अँबॅसडर’ हें नुसतें नांव ८० कोटी रुपयांस एका फ्रेंच कंपनीला विकलें गेलें. नामाला एवढें मोल आणि रूपाला भंगाराचा भाव, हा प्रकार वेदान्त्यांनीं विचार करण्यासारखा आहे.

ही गाडी आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे घरांत सर्व ज्यांना दादा म्हणत त्यांनीं, नवी घेतली. दादा वारले त्यास पांच वर्षें झालीं. तेव्हांपासून ती साताऱ्यास आमच्या वाड्याच्या मागल्या पडवींत उभी असे; आठ-पंधरा दिवसांनीं दादांचा धाकटा मुलगा ती पोवईनाक्यापर्यंत फिरवून आणी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, त्यापुढें दर पांच वर्षांनीं ती तपासून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून ह्या पुनर्नोंदणीचें शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपये झालें. शिवाय जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे, विमा आहे. घरांत नातवंडांच्या चार दुचाक्या व दोन नव्या गाड्या. पडवीची अडचण होऊं लागली. येत्या चैत्रांत मुदत संपते आहे, तेव्हां ही गाडी आतां मोडींत द्यावी, असें पुतण्यांनीं बोलून दाखविलें. त्यांचें म्हणणें हिशेबाला धरून होतें. वहिनी आज एक्याऐंशीं वर्षांच्या आहेत. त्यांनीं वाद केला नाहीं. एवढेंच म्हणाल्या, "एकदा ह्याच गाडीनं मला वाडीला न्या. मग तुम्हांला काय करायचं ते करा."

वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, हें ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दादा दरवर्षीं पौषांत, दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर, वहिनींस घेऊन तेथें जात. ठरलें असें कीं, भल्या पहाटे साताऱ्याहून निघावें, सुमारें सव्वाशें किलोमीटर चालून कोल्हापुरास पोंचावें, तेल बदलावयास गाडी सोडून देवीचें दर्शन व फराळ उरकावा आणि दुपारीं निघून रात्रीच्या पालखीपूर्वीं वाडी गांठावी. साताऱ्यास जुनी गाडी जाणणारा जो मेस्त्री होता त्यानें दुकान मिटविलें. उद्यमनगरांतील एका मेस्त्रींचें नांव पुतण्यास कोणी तरी सांगितलेलें होतें. शिवाय इंजिन तापलेलें असलें म्हणजे तेल पातळ होऊन बुडाशीं बसलेल्या काजळीसकट वाहून जातें, म्हणून दूरवर चालून आलेल्या गाडीचेंच तेल काढणें चांगलें, असें दादा नेहमीं म्हणत.

इंजिनाला तेल कशाला, असा प्रश्न मुलें विचारतात. लोखंड लोखंडावर घासूं नये म्हणून, हें उत्तर खरें पण अपुरें आहे. तें तेल उष्णता वाहून नेतें, जळालेल्या पेट्रोलची काजळी पोटांत घेतें आणि बारीक कीस गाळणीपर्यंत पोंचवितें. हें करतां करतां तेंच काळें होतें. गाडी थोडी चालली व फार उभी राहिली, तर इंजिन पुरतें तापत नाहीं, आंत पाण्याचा अंश सांठतो आणि तेल न वापरतांही बिघडतें. वैद्यकाशीं परिचय असलेल्या वाचकांस आठवेल कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, अभ्यंगाचे गुण सांगतांना आचार्यांनीं वंगण दिलेल्या गाडीच्या आंसाचा दाखला दिला आहे. तेलास आपल्या भाषेंत स्नेह म्हणतात, आणि मायेसही स्नेहच म्हणतात. त्यावर शाळेंत असतां मी मुलांपुढें अर्धा तास बोलत असें. उद्यमनगरांत त्याची गरज कोणास भासली नाहीं.

मेस्त्री साठीच्या आसपासचे, कपाळाला बुक्का, अंगांत खाकी. गाडी खड्ड्यावर घेतली, त्यांच्या हाताखालचा मुलगा पाना घेऊन खालीं उतरला, आणि थोड्याच वेळांत वर आला. "मामा, नट फिरतोय, पन सुटंना."

येथें थोडा खुलासा करावा लागतो. इंजिनाच्या बुडाशीं तेलाची जी परात असते तिला कारागीर चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या बाजूस एक बूच असतें. तें काढलें कीं तेल वाहून जातें. वास्तविक तें बूच आट्यांचें, म्हणजे बोल्टच्या जातीचें; पण सर्वजण त्याला चेंबर नट म्हणतात. संस्कृतांत नट म्हणजे सोंग आणणारा. ह्या नटानें जें सोंग आणलें होतें तें मेस्त्रींनीं बॅटरी धरून मला दाखविलें. त्याचे सहाही कोपरे झिजून तो वाटोळा झालेला होता. आणि भोंवतीं पिंवळट, वाळलेल्या डिंकासारखें कांहीं तरी माखलेलें होतें.

"ह्याला आधी कुणी हात लावलाय?" मेस्त्रींनीं विचारलें.

दोन वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका शहरांतील एका दुकानीं तेल बदललें होतें, असें पुतण्यानें सांगितलें. तें दुकान चकचकीत होतें, बसावयास थंड खोली होती, छापील बिल मिळालें होतें.

"इंची नटाला मिलिमीटरचा पाना लावलाय," मेस्त्री म्हणाले. "पाना सैल, म्हणून कोपरं गेलं. आन् बसवताना वाकडा बसला, आटं चढलं एकावर एक. मग काय, दोरा गुंडाळला, वरनं शेलॅक फासलं, आन् पान्याला पाइप लावून आवळला. गळती थांबली. ज्याला थांबवायची हुती त्याचं काम झालं."

अँबॅसडरचा मूळ नकाशा इंग्रजी, तोही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांतला. तिचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे. हल्लींच्या गाड्या मिलिमीटरच्या. दोन मापांत कांहीं ठिकाणीं इतका थोडा फरक असतो कीं, चुकीचा पाना बसल्यासारखा वाटतो. बसल्यासारखें वाटणें आणि बसणें ह्यांतला भेद ज्याला कळतो त्याला कारागीर म्हणावें, अशी व्याख्या मला त्या दिवशीं सुचली. अध्यापनासही ती लागू पडेल.

त्या नटाला काढण्यांत सव्वा तास गेला. प्रथम जरा लहान मापाचा गोल पाना वरून ठोकून बसविला, तो निसटला. मग पाइप पाना लावला. जागा अपुरी, दांडा फिरेना. शेवटीं कडेला छिन्नी तिरपी धरून, हातोडीचे बेताचे घाव घालून, केंसाकेंसानें तो फिरविला. मोठा घाव घातला तर चेंबरचा पत्रा फाटेल आणि मग सगळाच ग्रंथ आटोपला, असें मेस्त्री मधून मधून पुटपुटत होते. अखेर नट हातांत आला आणि काळें तेल धो धो खालच्या डब्यांत पडूं लागलें. मेस्त्रींनीं नट चिंधीनें पुसून उजेडांत धरला. त्याच्या अंगावर चेंबरच्या आट्यांचें वेटोळें गुंडाळून आलेलें होतें, जशी कात टाकावी तसें. म्हणजे आतां जुना नट गेला होता आणि तो जेथें बसे तें भोंकही आट्यांवांचून मोकळें झालें होतें. गाडीच्या पोटांत तेल राहण्याची सोय उरली नव्हती.

वहिनी व माझी पत्नी तोंपर्यंत दर्शन करून रिक्षानें परत आल्या होत्या. गुरुवार असल्यानें वहिनींस उपास होता. मेस्त्रींच्या घरून एका सुनेनें लोखंडी खुर्चीवर चादर घालून दिली, वाटींत दाणे-गूळ आणून ठेवला. त्या दिवसांत गुऱ्हाळें चालूं असतात. गूळ ताजा, अजून ऊन ओसरला नव्हता कीं काय असें वाटावें. वहिनींनीं तो खाल्ला, आणि खड्ड्याकडे तोंड करून त्या बसल्या त्या बसल्याच.

पुतण्या गांवांतील दुकानें धुंडाळून आला. अँबॅसडरचा चेंबर नट कोठेंही नाहीं. एका दुकानदारानें दुसऱ्याच गाडीचा नट पुढें केला आणि "थोडा टेप गुंडाळा, बसेल," म्हणाला. तो घ्यावयाचा नाहीं एवढें पुतण्यास एव्हांना कळलें होतें. दोन वाजून गेले होते. त्यानें मला बाजूला घेतलें. "काका, एक भाड्याची गाडी बोलावतो. तुम्ही तिघं वाडीला पुढं व्हा. ही गाडी इथंच राहू दे. आणि खरं सांगायचं तर, मोडीतच द्यायची आहे, तर इथल्याच माणसाला देऊन टाकली तरी काय वाईट?"

त्याच्या बोलण्यांत मला कांहीं गैर दिसलें नाहीं. दिवसभराचा खर्च त्याचा, सुट्टी त्याची, आणि आईस अंधारांत दूर नेण्याची काळजीही त्याचीच. पण वहिनींच्या कानांवर तें गेलें. त्या म्हणाल्या, "भाड्याच्या गाडीनं वाडीला मी केव्हाही जाईन रे. त्यासाठी साताऱ्याहून एवढं कशाला यायचं? आणि त्यांची गाडी अशी पोट फाडून इथं टाकून मी पुढं जायची नाही." पुतण्या गप्प झाला. मीही कांहीं बोललों नाहीं. मेस्त्री खड्ड्यांतून हें ऐकत होते. ते वर आले, हात पुसले आणि म्हणाले, "गुरुजी, चला माझ्याबरोबर."

दोन गल्ल्या ओलांडून आम्ही एका वृद्ध कातारींच्या दारीं गेलों. हेच मघांचे ‘ते म्हातारे’. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, पायांत लाकडी खडावा. कीस टोंचूं नये म्हणून त्या असतात, असें कळलें. त्यांनीं जुना नट तळहातावर घेतला, कॅलिपर लावला, आणि कांहीं न बोलतां कोपऱ्यांतल्या षट्कोनी सळईचा तुकडा उचलला. मीं नमुना, नकाशा, माप लिहून देणें वगैरे कांहीं लागेल म्हणून खिशांतील पेन्सिल काढली होती. ती परत ठेवली. जुन्या मापाचा नट करून उपयोग नव्हता, कारण भोंकाचे आटे गेलेले. तेव्हां भोंकांत एक माप मोठे आटे पाडावयाचे आणि नट त्या मापाचा करावयाचा. सळई लेथमध्यें धरली, यंत्र फिरूं लागलें. निळा कीस उठूं लागला. तोंड सपाट केलें, मान कातली, मग आटे. आटे पाडणें हा प्रकार पाहण्यासारखा असतो: हत्यार प्रत्येक फेरींत अगदीं त्याच वाटेनें जातें आणि दर वेळीं केंसभर अधिक खोल. घोकंपट्टीची निंदा करणाऱ्या शिक्षणशास्त्र्यांनीं हें एकदां पाहावें.

वायसरची तऱ्हा आणखी वेगळी. नट व चेंबर ह्यांमध्यें तांब्याची चकती असते. तांबें मऊ, दाबलें कीं फटींत बसतें, म्हणून तेल बाहेर येत नाहीं. पण तेंच तांबें एकदां दाबलें गेलें, ठोकलें गेलें, कीं कठीण होतें. कातारींनीं तांब्याच्या पत्र्यांतून चकती काढली, चिमट्यांत धरून ज्योतीवर लाल होईपर्यंत तापविली आणि पाण्यांत टाकली. पोलाद असें तापवून बुडविलें तर कठीण होतें; तांबें मात्र त्याच संस्कारानें मऊ होतें. एकच संस्कार, पण धातु निराळा म्हणून फळ उलट. व्याकरण शिकलेल्या माणसास ह्याचें नवल वाटूं नये, तरी मला वाटलें.

कातारींनीं नट दोन केले. एक लावावयास व एक डिकींत ठेवावयास. दोन नट, दोन वायसर मिळून त्यांनीं ३०० रुपये सांगितले. मीं ५०० ची नोट पुढें केली, तर उरलेले २०० मोजून परत दिले आणि दुसऱ्या कामाकडे वळले.

इकडे भोंकांत आटे पाडावयाचे होते. चेंबर न उतरवितां हें करावयाचें म्हणजे लोखंडाचा कीस आंत पडण्याची भीति. तो तेलाबरोबर इंजिनांत फिरला तर बेअरिंगांचा नाश. मेस्त्रींनीं टॅपच्या खाचांत ग्रीस भरलें, अर्धा फेरा पुढें व पाव फेरा मागें असा तो फिरविला, पुन्हा काढला, पुसला, नवें ग्रीस भरलें. असें किती वेळां केलें तें मोजलें नाहीं. मग तारेला लोहचुंबक बांधून आंत फिरविला. त्यावर मिशीच्या केंसांसारखा थोडा कीस आला. मग वरून हलकें तेल ओतून खालून वाहूं दिलें, आणि तें पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहिलें. दुसऱ्या वेळीं फडकें स्वच्छ निघालें, तरी त्यांनीं तिसऱ्यांदा ओतलें.

नवा नट बसला. हातानें शेवटपर्यंत फिरला, मग पान्यानें थोडासा. तेलाची गाळणीही नवी घातली. हल्लींच्या गाड्यांत गाळणीचा डबाच बदलून टाकतात. ह्या इंजिनांत एक लोखंडी वाटी असते, तिच्यांत कागदी गाळणी ठेवून ती एका लांब बोल्टनें वर आवळतात, आणि वाटीच्या कांठाला रबराचें कडें एका खांचेंत बसतें. सुमारें चार लिटर नवें तेल ओतलें, मधाच्या रंगाचें. सूर्य मावळावयास आला होता. पुतण्यानें किल्ली फिरविली, इंजिन लागलें, वहिनींनीं हात जोडले, आणि तोंच खालून मुलगा ओरडला, "बंद करा, बंद करा!"

गाळणीच्या वाटीच्या कांठांतून तेलाची धार लागली होती. इंजिनाचा पंप तेल दाबानें फेंकतो. अशी धार लागलेली गाडी रस्त्यावर नेली असती, तर कांहीं मिनिटांतच सगळें तेल रस्त्यावर आणि इंजिन जागच्या जागीं धरून बसलें असतें. मेस्त्रींनीं वाटी पुन्हा उतरविली. रबर नवें, खांचेंत बरोबर बसविलेलें. ते कितीतरी वेळ बॅटरी धरून पाहत राहिले. मग खिशांतून टोंचा काढून त्यांनीं खांचेच्या तळाला लावला, आणि हंसले. खांचेचा जो तळ दिसत होता तो तळच नव्हता. जुनें रबर तेथेंच राहिलेलें होतें. उष्णतेनें तें इतकें कठीण व काळें झालेलें कीं, लोखंडच वाटावें. त्याच्यावर मागल्या वेळीं कोणी तरी दुसरें चढविलें, तें वाटीबरोबर निघालें. खालचें मात्र जसेंच्या तसें. तें काढावयास अर्धा तास लागला. तुकड्या-तुकड्यांनीं निघत होतें. मेस्त्रींनीं ते तुकडे एका कागदावर मांडून पुतण्यास दाखविले. "एवढं काढायचा कंटाळा," इतकेंच ते बोलले.

पुन्हा तेल भरलें, पुन्हा इंजिन लावलें. सर्वजण खालीं वाकून पाहत होते. वहिनी सुद्धां खुर्चीवरून उठून गुडघ्यावर हात ठेवून वांकल्या. दहा मिनिटें इंजिन चालत ठेवलें. कोरडें. मेस्त्रींनीं पुतण्याकडून नव्या नटाचें माप कागदावर लिहवून घेतलें आणि तो कागद बॉनेटच्या आंतल्या बाजूस चिकटविला, पुढें जो कोणी पाना लावील त्याच्यासाठीं. मजुरी तेलासकट जी झाली ती त्या थंड खोलीच्या दुकानांतील बिलाहून फार कमी होती. आंकडा येथें देत नाहीं, कारण तो वाचून पुतण्यास पुन्हा राग येईल.

निघतांना मेस्त्री म्हणाले, "रात्री गाडीखाली पेपर पसरा. सकाळी दोन-चार थेंब दिसलं तर घाबरायचं न्हाई, जुनं इंजिन हाय, घाम येतोच. रुपयाएवढा डाग पडला तर मात्र तसंच मागं या."

हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ ह्या वाटेनें वाडी सुमारें पन्नास किलोमीटर. उंसाच्या हंगामाची ती रात्र. ट्रॅक्टरमागें दोन-दोन गाड्या जोडलेल्या, त्यांवर उंसाचे डोंगर, आणि मागें दिवा नाहीं. पुतण्या हळूहळू चालवीत होता. दर पांच-दहा मिनिटांनीं त्याची नजर तेलाच्या दाबाकडे जाई. वहिनी मागल्या बांकावर, डाव्या खिडकीशीं, दादा चालवीत असतां त्या जेथें बसत तेथें, जाग्या होत्या. पोंचलों तेव्हां पालखी होऊन गेली होती. मंदिराच्या पायऱ्यांवर माणसें पांगत होतीं आणि खालीं कृष्णा-पंचगंगेचा संगम अंधारांत नुसता ऐकूं येत होता. पालखी चुकली ह्याबद्दल वहिनी एक अक्षर बोलल्या नाहींत. नदीचें पाणी डोळ्यांस लावलें आणि धर्मशाळेंत येऊन पडल्या.

सकाळीं पादुकांचें दर्शन करून त्या घाटावरून वर आल्या, तेव्हां पुतण्या गाडीखालीं वाकून वर्तमानपत्राचें पान ओढीत होता. त्यावर तीन थेंब होते. त्यानें ते आईस दाखविले. वहिनींनीं चष्मा लावून पाहिलें, पान हातांत घेतलें आणि ओला भाग आंत करून त्याची घडी घातली.

आम्ही त्याच दिवशीं साताऱ्यास परतलों. गाडीचा निकाल अजून लागलेला नाहीं. पुनर्नोंदणीचा अर्ज भरून दादांच्या कपाटांत ठेवलेला आहे, दुसरा चेंबर नट व वायसर कागदांत गुंडाळून त्याच्या शेजारीं आहेत, आणि मोडवाल्याचा पत्ताही त्याच खणांत आहे. चैत्राला अजून महिना आहे.